नोरोव्हायरस : पेशीत शिरतो कसा, वाढतो कसा

जीवशास्त्राच्या पुस्तकात आपण विषाणूची व्याख्या पाठ करतो : जिवंत पेशीबाहेर निर्जीव कणासारखा, पेशीच्या आत मात्र स्वतःच्या प्रती काढणारा. परीक्षेत एवढ्यावर दोन गुण मिळतात. पण हा कण पेशीच्या आत नेमके काय करतो, हे एका विषाणूच्या उदाहरणावरून पायरीपायरीने पाहिले, तर मेसमधले आणि वसतिगृहातले कितीतरी नियम आपोआप समजतात. त्यासाठी या अंकात नोरोव्हायरस निवडला आहे. उलट्या आणि जुलाब घडवणारा हा विषाणू जिथे पुष्कळ माणसे एकत्र जेवतात, झोपतात आणि एकच नळ वापरतात, तिथे सर्वांत वेगाने पसरतो. म्हणजे आपल्यासारख्याच ठिकाणी.

शाळेतून मिळालेले नाव

१९६८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक नावाच्या गावी एका प्राथमिक शाळेत एकाएकी उलट्यांची साथ आली. दोनच दिवसांत शाळेतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी आणि शिक्षक आजारी पडले. त्यांच्या घरच्या माणसांपैकीही बऱ्याच जणांना लागण झाली. तपासणीत कोणताही रोगकारक जिवाणू सापडला नाही.

उत्तर मिळायला चार वर्षे लागली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील अल्बर्ट कापिकियन यांनी या साथीतील रुग्णांच्या विष्ठेपासून गाळलेला द्रव घेतला आणि त्यात आजारातून बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या रक्तातील द्रव मिसळला. त्या रक्तद्रवातील प्रतिपिंडांनी विषाणूचे कण एकमेकांना चिकटवले. एकेकटे असताना नजरेतून निसटणारे कण आता पुंजक्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. त्यांचा व्यास होता सुमारे २७ नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेषेवर असे जवळजवळ ३७,००० कण मांडता येतील. गावाच्या नावावरून त्याला नॉरवॉक विषाणू म्हणू लागले आणि पुढे या साऱ्या गटाला नोरोव्हायरस हे नाव मिळाले.

तेव्हापासून हा विषाणू जगभर आढळला आहे. मे २००२ मध्ये अफगाणिस्तानातील बग्राम येथे ब्रिटिश लष्कराच्या रुग्णालयात २९ जण आजारी पडले. त्यांत रुग्णांची सेवा करणारे कर्मचारीच मोठ्या संख्येने होते. दोघांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडली. २०१८ च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातील प्यॉन्गचांग येथे हिवाळी ऑलिंपिक सुरू होण्याच्या तोंडावर सुरक्षारक्षकांमध्ये साथ आली. सुमारे १,२०० रक्षकांना कामावरून बाजूला ठेवून त्यांच्या जागी ९०० सैनिक आणावे लागले. आपल्या देशात नोव्हेंबर २०२१ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात एका पशुवैद्यकीय महाविद्यालयातील १३ विद्यार्थ्यांना याच विषाणूची लागण झाल्याचे निश्चित झाले. तिन्ही ठिकाणी बाधित झालेली माणसे तरुण आणि धडधाकट होती. अंगातली ताकद या विषाणूला अडवत नाही. मग त्याला काय अडवते, हे समजण्यासाठी आधी त्याची रचना पाहू.

कणाची रचना

नोरोव्हायरसच्या कणात दोनच गोष्टी आहेत : आत आरएनएचा एक धागा आणि बाहेर प्रथिनांचे कवच. कवच मुख्यतः एकाच प्रथिनाच्या १८० प्रतींचे बनलेले असते. त्या प्रथिनाला व्हीपी१ म्हणतात. प्रत्येक व्हीपी१ चा एक भाग कवचाची भिंत बनतो आणि दुसरा भाग बाहेर उंचवट्यासारखा डोकावतो. या उंचवट्याच्या टोकानेच विषाणू पेशीला पकडतो. कणाच्या पृष्ठभागावर वाटीसारखे खळगे दिसतात, म्हणून या कुळाला वाटी किंवा पेला या अर्थाच्या शब्दावरून कॅलिसिव्हायरस असे नाव आहे.

आतल्या आरएनएची लांबी सुमारे ७,५०० अक्षरे आहे. माणसाच्या जनुकीय माहितीत सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात, यावरून हा मजकूर किती तोकडा आहे ते कळेल. पण पेशीला कामाला लावायला तेवढा पुरतो.

या कणावर स्निग्ध पदार्थाचे बाह्य आवरण नसते. इन्फ्लुएन्झा आणि कोरोना विषाणूंवर असे आवरण असते आणि ते फाटले की तो विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसकडे फाटायला आवरणच नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

पायरी १ : आतड्यापर्यंत आणि पेशीच्या दारापर्यंत

विषाणू तोंडावाटे पोटात जातो. जठरातील आम्लाने पुष्कळ जंतू मरतात, पण नोरोव्हायरसचे प्रथिनकवच त्यातून तगून जाते. शंभरहून कमी कण पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. याउलट, आजारी माणसाच्या एका ग्रॅम विष्ठेत विषाणूचे अब्जावधी कण असू शकतात. डोळ्यांना न दिसणारा डागही किती जणांना पुरेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नरस शोषून घेणाऱ्या पेशी त्यांवर ओळीने बसवलेल्या असतात. त्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. आपला रक्तगट ए, बी किंवा ओ ठरवणाऱ्या शर्करा याच जातीच्या आहेत. त्या केवळ रक्तपेशींवर नसून बहुतेकांच्या आतड्यातील पेशींवर आणि लाळेतही असतात. नोरोव्हायरसच्या उंचवट्याचे टोक या शर्करांना चिकटते.

इथे निसर्गाची एक मौज आहे. या शर्करा आतड्यात आणि लाळेत येण्यासाठी एफयूटी२ नावाचे जनुक चालू असावे लागते. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे पाचांपैकी एकात हे जनुक निकामी असते. अशा माणसांच्या आतड्यातील पेशींवर विषाणूला पकडायला हवी ती शर्करा मिळत नाही. त्यामुळे मूळ नॉरवॉक विषाणूची लागण त्यांना होत नाही, असे स्वयंसेवकांवरील प्रयोगांत दिसून आले. पण नोरोव्हायरसचे सगळेच प्रकार त्याच शर्करेवर अवलंबून नसतात. म्हणून, “आपल्याला होत नाही” अशा भ्रमात कोणी राहू नये.

पायरी २ : आत प्रवेश

शर्करेला चिकटणे म्हणजे दाराची कडी हाताला लागणे. दार उघडायला पेशीवरील विशिष्ट प्रथिन लागते. त्याला ग्राही म्हणतात. उंदरांना बाधणाऱ्या नोरोव्हायरसचा ग्राही २०१६ मध्ये सापडला. त्याचे नाव सीडी३००एलएफ. माणसाच्या पेशीत हे उंदराचे प्रथिन तयार होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा उंदराचा विषाणू माणसाच्या पेशीतही शिरून वाढू लागला. एरवी तो तसे करू शकत नाही. यावरून एक मोठी गोष्ट कळली : एका प्राण्याचा विषाणू दुसऱ्याला न बाधण्यामागचे मुख्य कारण बरेचदा दारातच असते. आतली यंत्रणा सगळ्या सस्तन प्राण्यांत पुष्कळशी सारखीच आहे. माणसाला बाधणाऱ्या नोरोव्हायरसच्या ग्राहीचा शोध अजून चालू आहे.

दार उघडले की पेशीचे पटल आत दुमडते आणि विषाणूचा कण एका सूक्ष्म पिशवीतून आत ओढला जातो. पुढे कवच सुटते आणि आरएनएचा धागा पेशीद्रवात मोकळा होतो.

पायरी ३ : खोटा शिक्का

आपल्या पेशीत प्रथिने बनवण्याचे काम रायबोसोम करतात. केंद्रकातून आलेल्या आरएनएच्या आरंभी एक रासायनिक टोपी असते. “हा संदेश आपला आहे, याचे प्रथिन बनवा” अशी ती खूण. नोरोव्हायरसच्या आरएनएला ही टोपी नसते. त्याऐवजी धाग्याच्या टोकाला व्हीपीजी नावाचे छोटे प्रथिन जोडलेले असते. टोपी ओळखून रायबोसोमला बोलावणाऱ्या पेशीच्या प्रथिनांना हे व्हीपीजी स्वतःच पकडते. परिणामी रायबोसोम विषाणूचा मजकूर आपलाच समजून वाचू लागतो. हुकूमनाम्यावर शिक्का आहे, मग हुकूम खरा, असे समजून पहारेकऱ्याने दार उघडावे तसे हे घडते.

या वाचनातून प्रथम एक लांबलचक प्रथिन तयार होते. त्याच्यातच एक कात्री दडलेली असते, म्हणजे प्रोटिएज नावाचे विकर. ते स्वतःला सोडवून घेते आणि उरलेल्या लांब प्रथिनाचे ठरलेल्या जागी तुकडे करते. प्रत्येक तुकडा एकेका कामाचा निघतो : कात्री, व्हीपीजी, आरएनएच्या प्रती काढणारे पॉलिमरेज, आणि पेशीतील पटलांची उलथापालथ करणारी प्रथिने.

पायरी ४ : प्रतींचा कारखाना

उलथापालथ करणारी प्रथिने पेशीच्या आतील पटले वेटोळी करून लहान लहान पिशव्यांचे झुबके बनवतात. त्यांच्या आडोशाला प्रती काढण्याचे काम चालते. हा आडोसा उपयोगाचा असतो, कारण प्रती काढताना आरएनएचे दुहेरी धागे तयार होतात. असे लांब दुहेरी धागे निरोगी पेशीत सहसा नसतात. पेशीतील पहारेकरी प्रथिनांना ते दिसले की पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते.

पॉलिमरेज आधी मूळ धाग्याचा उलटा साचा काढते आणि त्या साच्यावरून पुन्हा सुलट धागे भराभर काढते. काही धागे पूर्ण लांबीचे असतात, तर काही आखूड. आखूड धाग्यांवर मुख्यतः कवचाच्या प्रथिनांचा मजकूर असतो. एका कणाला कवचाच्या मुख्य प्रथिनाच्या १८० प्रती लागतात, पण आरएनएचा धागा एकच लागतो. म्हणून कवचाचा मजकूर वेगळा काढून त्याची प्रथिने भरपूर बनवण्याची ही सोय.

पॉलिमरेज प्रती काढताना चुका करते आणि त्या दुरुस्त करत नाही. पुष्कळ चुकांमुळे प्रती बिघडतात. पण एखाद्या चुकीने कवचाच्या टोकाचा आकार थोडा बदलतो आणि मागच्या आजारात तयार झालेली प्रतिपिंडे त्याला ओळखेनाशी होतात. जीआयआय.४ हा प्रकार अशाच बदलांच्या जोरावर गेली अनेक वर्षे जगात सर्वाधिक आढळत आला आहे. एकदा नोरोव्हायरस होऊन गेला तरी पुन्हा होतो, आणि टिकाऊ लस बनवणे अवघड जाते, त्याचे मूळ इथे आहे.

पायरी ५ : बाहेर पडणे

कवचाची प्रथिने आपोआप एकमेकांत बसतात, आत आरएनए भरला जातो आणि नवे कण तयार होतात. उंदराच्या नोरोव्हायरसमध्ये असे दिसले आहे की विषाणूचे एक प्रथिन तंतुकणिकांना इजा करून पेशीला मरणाच्या वाटेवर ढकलते. पेशी फुटते आणि कण बाहेर सांडतात. काही कण मात्र पटलाच्या पिशवीत एकगठ्ठा बाहेर पडतात. अशा पिशव्या विष्ठेतही सापडल्या आहेत आणि त्यांतून अनेक कण एकदम दुसऱ्या पेशीत जातात.

इकडे आतड्यातील बोटांसारखे उंचवटे आखूड आणि बोथट होतात, पचनाची काही विकरे कमी पडतात, जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. म्हणून मळमळ, उलट्या, पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब. विषाणू पोटात गेल्यापासून १२ ते ४८ तासांत हे सुरू होते आणि बहुतेकांत एक ते तीन दिवसांत थांबते. आतड्याच्या पेशी झपाट्याने नव्या होतात, त्यामुळे आतडे पूर्ववत होते. धोका असतो तो अंगातील पाणी आणि क्षार कमी होण्याचा. तान्ही मुले आणि वृद्ध यांना तो अधिक.

हे सारे कळले कसे?

माणसाचा नोरोव्हायरस प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न कित्येक दशके फसत राहिले. नेहमीच्या पेशींत तो वाढतच नसे. पहिली वाट उंदराने दाखवली. २००३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे हर्बर्ट व्हर्जिन यांच्या प्रयोगशाळेत, प्रतिकारशक्तीची काही जनुके काढून टाकलेले उंदीर मरू लागले तेव्हा त्यांच्यात नवा नोरोव्हायरस सापडला. २००४ मध्ये तो उंदराच्या भक्षकपेशींत वाढवता आला. वर सांगितलेल्या अनेक पायऱ्या प्रथम या उंदराच्या विषाणूवरून समजल्या.

माणसाच्या विषाणूसाठी २०१६ उजाडावे लागले. ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयात मेरी एस्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी आतड्याच्या मूलपेशींपासून इवलेसे आतडे वाढवले आणि त्यात नोरोव्हायरस वाढवून दाखवला. त्यात पित्त मिसळले, तेव्हा काही प्रकार अधिक चांगले वाढले. काही तर पित्ताशिवाय वाढतच नव्हते. पाहायला गेले तर लहान आतड्यात पित्त असतेच. विषाणूला घरच्यासारखी जागा देईपर्यंत तो हाती लागला नाही.

पेशीतून मेसपर्यंत

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. या विषाणूला अडवते काय?

त्याच्यावर स्निग्ध आवरण नाही, म्हणून अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही. हातावर जेल चोळून मेसमध्ये शिरणे हे हात धुण्याला पर्याय नाही. साबण आणि वाहते पाणी यांनी निदान वीस सेकंद हात चोळून धुतले, तर कण हातावरून सुटून वाहून जातात. बोटांच्या बेचक्या, नखांखालची जागा आणि अंगठे विसरू नयेत. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी हे झालेच पाहिजे.

कवच चिवट आहे, म्हणून उलटी झालेली जागा नुसत्या पाण्याने पुसून भागत नाही. तिथे क्लोरीनचे ब्लीच लागते, दशलक्ष भागांत १,००० ते ५,००० भाग इतक्या तीव्रतेचे. हे द्रावण प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी हातमोजे आणि मुखपट्टी घालून वापरावे. कॅडेट्सनी स्वतः पुसापुशी न करता त्या जागेपासून दूर राहावे आणि ताबडतोब कळवावे. उलटीचे सूक्ष्म थेंब आजूबाजूला उडालेले असतात.

थोडेच कण पुरतात आणि बरे वाटू लागल्यावरही विष्ठेतून विषाणू दोन आठवडे किंवा अधिक काळ पडत राहू शकतो. म्हणून ज्याला उलट्या-जुलाब झाले आहेत त्याने लक्षणे थांबल्यानंतर किमान दोन दिवस स्वयंपाकघरात, वाढपात किंवा पाण्याच्या टाकीजवळ काम करू नये. हा नियम स्वयंपाक्यांना जितका लागू, तितकाच मेस ड्युटीवरच्या कॅडेटला.

अँटिबायोटिक औषधे जिवाणूंवर काम करतात. वरच्या पाच पायऱ्यांपैकी एकही पायरी ती अडवत नाहीत. पालकांनी ट्रंकेत अशा गोळ्या देऊ नयेत आणि मुलांनी मित्राकडून घेऊन खाऊ नयेत. उपचार म्हणजे ओआरएस, विश्रांती आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला. लघवी कमी होणे, चक्कर येणे, रक्त पडणे किंवा खूप ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. सुट्टीवरून परतण्याच्या दिवशी मुलाला उलट्या-जुलाब होत असतील, तर पालकांनी तसे शाळेला कळवून त्याला दोन दिवस उशिरा पाठवावे.

सर्वांत अवघड नियम शेवटी सांगतो. क्रॉस-कंट्रीची निवड उद्यावर आहे, हाउसचे गुण जातील, सोबती हसतील, म्हणून पोट बिघडल्याचे लपवून फॉल-इनला उभे राहणारा कॅडेट प्रत्येक तुकडीत असतो. त्याला वाटते, मी सहन करतो आहे. सहन करणे हा सैनिकाचा गुण खराच. पण या विषाणूच्या बाबतीत त्याने सोसलेला त्रास त्याच्यापुरता राहत नाही. त्याच्या हातातून पाण्याच्या नळावर, नळावरून पुढच्या चाळीस जणांच्या ताटात जातो. एम. आय. रूममध्ये जाऊन “मला रात्रीपासून उलट्या होत आहेत” असे सांगणारा कॅडेट एक दिवसाचे गुण गमावतो आणि आपले हाउस उभे ठेवतो. प्रशिक्षकांनीही अशा मुलाकडे कामचुकार म्हणून पाहू नये, म्हणजे पुढचा मुलगा सांगायला कचरणार नाही.

स्वाध्याय

१. सॅनिटायझर इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर चांगला आणि नोरोव्हायरसवर कमी परिणामकारक का?

२. व्हीपीजी प्रथिन पेशीला पकडू देणारे नसते, तर विषाणूची कोणती पायरी थांबली असती?

३. कवचाच्या प्रथिनांसाठी वेगळा आखूड आरएनए काढण्याचा विषाणूला काय फायदा?

४. तुमच्या हाउसमध्ये रात्री दोन वाजता एका मुलाला उलटी झाली. पहिल्या अर्ध्या तासात कोणी काय करावे, हे क्रमाने लिहा आणि हाउसमास्तरांना दाखवा.